सहल की स्वारी?

शाळेच्या सूचनाफलकावर 'सहल' हा शब्द झळकला, की मधल्या सुटीत त्या फलकापुढे जी गर्दी जमते, ती पाहून कोणाही शिक्षकाला आपले विद्यार्थिदशेतील दिवस आठवल्यावाचून राहत नाहीत. वर्गाच्या चार भिंती, घंटेचा धाक आणि गृहपाठाची काळजी यांतून एका दिवसापुरती मिळणारी ती मुक्तता असते. तिचा आनंद मुलांनी लुटावा, याविषयी कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही. परंतु आपण जेथे जातो, ते स्थळ आपली वाट पाहत रिकामे पडलेले असते काय, असा प्रश्न मात्र सहलीला निघताना आपल्या मनात सहसा येत नाही. तो यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

ग्वाल्हेरकरांना चंबळ नदी काही परकी नाही. आपल्या शहरापासून सुमारे साठ किलोमीटरवर, मुरैना व धोलपूर यांच्या दरम्यान, आग्रा-मुंबई रस्ता तिला ओलांडतो. गेली काही वर्षे हिवाळ्यात आपल्या शाळेची एक सहल तेथे जात असते. यंदा पालकांच्या सभेत या सहलीवरून बराच वाद झाला. सुसरी-मगरींच्या नदीत मुलांना नावेत बसवायचेच कशाला, असे काहींनी विचारले. अभयारण्यात माणसांनी जाणे हाच मुळी प्राण्यांवर अन्याय आहे, म्हणून ही सहल कायमची बंद करावी, असे दुसऱ्या काहींचे म्हणणे पडले. तर आणखी काही म्हणाले, की मुले तेथे मौजेसाठी जातात. त्यांच्यावर 'हे करू नका, ते करू नका' अशी बंधने घालायची असतील, तर तो वर्ग झाला, सहल कसली? या तिन्ही मतांचा आदर राखून मला माझे मत मांडावयाचे आहे. सहल बंद होऊ नये. पण ती आजवर जशी गेली, तशीही जाऊ नये.

प्रथम ही नदी कोण, ते पाहू. इंदूरजवळ महूच्या परिसरात, विंध्याच्या जानापाव नावाच्या टेकडीवर तिचा उगम आहे. माळवा ओलांडून, राजस्थानातील कोट्यावरून वळसा घेत, सुमारे साडेनऊशे किलोमीटरचा प्रवास करून ती उत्तर प्रदेशात यमुनेला मिळते. तिचे प्राचीन नाव चर्मण्वती. राजा रंतिदेवाच्या यज्ञांशी तिचा उगम जोडणारी कथा महाभारतात आहे, आणि कालिदासाने मेघदूतात मेघाला ज्या वाटेने पाठविले, त्या वाटेवरही ही नदी आहे. आपल्या इतिहासात तर 'चंबळेपार' हा शब्दच एका काळी पराक्रमाचे माप होता. १७६० साली सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेकडे निघाली, ती हीच नदी ओलांडून पुढे गेली आणि पुढच्या वर्षीच्या जानेवारीत पानिपतावर लढली. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन येथे आपली मराठी घरे रुजली, त्यामागेही उत्तरेकडच्या अशाच स्वाऱ्या आहेत.

एवढे असूनही या नदीच्या काठी काशी-प्रयागासारखी तीर्थे वा मोठी घाटबांधणी झाली नाही. तिला शाप आहे, अशी समजूत लोकांत होती. पुढे तिच्या दोहो बाजूंच्या मातीच्या घळींत, ज्यांना तिकडे बीहड म्हणतात त्यांत, दरोडेखोरांचे वास्तव्य झाले व भल्या माणसाने तिकडे फिरकू नये असा लौकिक पसरला. माणसाने जिला अशुभ मानून टाळली, ती नदी त्या टाळण्यामुळेच इतर नद्यांहून निर्मळ राहिली. यात आपणा माणसांसाठी एक कडू बोध आहे, तो ज्याचा त्याने घ्यावा.

या निर्मळ पाण्यात जे टिकले, ते इतरत्र जवळजवळ नाहीसे झाले होते. सुसर, जिला हिंदीत घडियाल म्हणतात, ती मगरीहून निराळी. तिचा जबडा लांब व चिंचोळा, त्यात शंभराहून अधिक दात, आणि आहार मासळीचा. माणसावर धावून येणारा हा प्राणी नव्हे. प्रौढ नराच्या नाकपुड्यांवर मडक्यासारखा एक गोळा वाढतो. त्या घड्यावरूनच 'घडियाल' हे नाव पडले. कातड्यासाठी होणारी शिकार, मासेमारीची जाळी व नद्यांवरील धरणे यांमुळे १९७० नंतरच्या काही वर्षांत भारतातील मोठ्या सुसरींची संख्या दोनशेच्याही खाली गेली असावी, असा जाणकारांचा अंदाज होता. १९७५ साली सरकारने मगर-सुसरींच्या रक्षणाची योजना हाती घेतली, आणि त्यानंतर चंबळेचा सुमारे चारशे किलोमीटर लांबीचा पट्टा अभयारण्य म्हणून राखण्यात आला. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या तिन्ही राज्यांत तो पसरला आहे. मुरैन्याजवळ देवरी येथे वाळूतून आणलेली अंडी उबवून पिले वाढविली जातात, आणि सुमारे तीन वर्षांनी ती सव्वा मीटर लांबीची झाली की नदीत सोडली जातात. आज जगातील मोकळ्या नद्यांत राहणाऱ्या सुसरींपैकी बहुसंख्य एकट्या चंबळेत आहेत. म्हणजे मुंबईचा किंवा कलकत्त्याचा विद्यार्थी ज्यासाठी शेकडो मैलांचा प्रवास करील, ते आपल्या दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे.

आता मला एक कबुली द्यावयाची आहे. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील सहलीत मी पहिल्या नावेत बसलो होतो. माझ्याबरोबर वरच्या वर्गाची पंधरा-सोळा मुले होती. लहान वर्गाची मुले मागून दुसऱ्या नावेने येत होती. सकाळचे दहा वाजून गेले होते. धुके नुकतेच विरले होते आणि नदीवर कोवळे ऊन पसरले होते. एका वळणावर नावाड्याने यंत्र बंद केले व नाव प्रवाहाबरोबर सोडून दिली. समोरच्या वाळूवर तीन सुसरी पडल्या होत्या. त्यांतील एक मोठा नर होता, आणि त्याच्या नाकावरचा घडा आम्हांस स्पष्ट दिसत होता. नावाड्याने तोंडावर बोट ठेवले. मुले गप्प झाली. आणि मीच, मुलांना शिस्त शिकविणारा मी, उभा राहून हात लांब करून ओरडलो, "अरे, तो पाहा! तो पाहा, केवढा मोठा आहे!"

पुढे काय झाले, ते सांगावयास नको. नावेत एकच गलका झाला. कोणी उठले, कोणी मोबाइल उंच धरला, कोणी शीळ घातली. तिन्ही सुसरी एका क्षणात वाळूवरून घसरून पाण्यात गेल्या. पाच मिनिटांनी दुसरी नाव तेथे पोहोचली, तेव्हा वाळूवर त्यांच्या पोटाने ओढलेल्या तीन रेघा तेवढ्या उरल्या होत्या. परतीच्या वाटेवर सातवीतील एक मुलगी मला म्हणाली, "सर, आम्हांला काहीच दिसले नाही." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले.

त्यावेळी मला वाटले, आपण दुसऱ्या नावेतील मुलांचा आनंद हिरावला. नंतर थोडे वाचन केले तेव्हा ध्यानात आले, की नुकसान केवळ त्या मुलांचे नव्हते. सुसरीचे रक्त आपल्यासारखे स्वतःची ऊब स्वतः राखणारे नसते. हिवाळ्यातील गार पाण्यातून ती वाळूवर येते, ती अंगात ऊन भरून घेण्यासाठी. ती ऊब मिळाली नाही, तर खाल्लेला मासाही तिला नीट पचत नाही. थंडीतील दिवस लहान, त्यातही धुके निवळेपर्यंत निम्मी सकाळ सरलेली. जे चार-सहा तास तिला मिळतात, तेच नेमके आपल्या सहलीचे तास. एका नावेने एकदा पाण्यात लोटले, तर ती पुन्हा वर येईल. पण अशा दहा नावा दिवसभर येत राहिल्या, तर तिने ऊन घ्यावे केव्हा? आपण तिला दगड मारला नाही, काठी उगारली नाही. नुसते ओरडून तिच्या ताटातला घास काढून घेतला.

उन्हाळ्याची गोष्ट याहूनही बिकट आहे. मार्चच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत सुसरीची मादी काठावरच्या उंच वाळूत खड्डा करून त्यात तीस-चाळीस वा त्याहून अधिक अंडी घालते आणि वाळूने ती बुजवून टाकते. मे-जूनमध्ये पिले आतून आवाज करू लागली, की मादी वाळू उकरून त्यांना बाहेर काढते. त्याच वाळूच्या बेटांवर पाणचिरा नावाचा पक्षी अंडी घालतो. याची खालची चोच वरच्या चोचीहून लांब असते, आणि उडता उडता ती पाण्यात बुडवून तो मासा उचलतो. कासवेही वाळूतच अंडी घालतात. लाल डोक्याचे मोठे नदीकासव आता जगात प्रामुख्याने चंबळेतच उरले आहे. धरणांमुळे व उपशामुळे उन्हाळ्यात पाणी ओसरते, बेटे काठाला जोडली जातात, आणि कुत्री व गुरे त्यांवर सहज पोहोचतात. त्यांच्या जोडीला सुटीतली कुटुंबे डबे घेऊन, चादरी पसरून, चेंडू खेळण्यासाठी त्याच वाळूवर उतरली, तर पायाखाली काय आले हे कोणास कळणारही नाही.

येथे कायद्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. तीत बंदूक वा सापळा एवढ्यांचाच समावेश नाही. पक्ष्यांची व सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे हीसुद्धा त्या कायद्याने शिकारच ठरते. आमच्या आजोबांच्या काळी ग्वाल्हेरच्या जंगलांत शिकारीचे हाके निघत, आणि आज आपण त्या गोष्टी ऐकून नाक मुरडतो. परंतु फक्त सहलीला म्हणून वाळूवर उतरलेला मनुष्यही नकळत शिकारी ठरू शकतो, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक असेल? पूर्वी फौजा चंबळेवर स्वारीला जात, तेव्हा त्यांना निदान आपण स्वारीवर निघालो आहोत, हे माहीत असे.

मग सहल बंदच का करू नये? कारण त्याच कायद्याने अभयारण्यात प्रवेश देण्याची जी कारणे मान्य केली आहेत, त्यांत अभ्यास व संशोधन यांच्याबरोबरच पर्यटनही आहे. कायदा करणाऱ्यांना लोकांनी तेथे जावे, हे अमान्य नव्हते. आणि मला तर त्याहून मोठे कारण दिसते. ज्याने नदी पाहिली नाही, त्याला नदीची काळजी कशी वाटावी? २००७-०८ च्या हिवाळ्यात याच नदीच्या खालच्या भागात शंभराहून अधिक सुसरी मरून काठाला लागल्या. त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. पाण्यातील वा माशांतील विषाचा संशय घेतला गेला. परंतु नेमके विष कोणते, हे शेवटपर्यंत निश्चित झाले नाही. तेव्हा आपल्या शहरात किती घरी या गोष्टीची चर्चा झाली? मला तर झाल्याचे आठवत नाही. ज्यांनी ती सुसर एकदाही उन्हात पडलेली पाहिली नव्हती, त्यांना वर्तमानपत्रातील ती बातमी कोण्या दूरच्या देशातली वाटली असल्यास नवल नाही. बंद दाराआडची वस्तू सुरक्षित राहते हे खरे. पण ती चोरीला गेली, तरी कोणास कळत नाही, हेही तितकेच खरे आहे.

चोरीचा विषय निघालाच आहे, तर वाळूविषयी बोलले पाहिजे. अभयारण्यातील वाळू काढण्यास बंदी आहे. असे असूनही तिचा चोरटा उपसा चालू असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत असतात. त्या सहलीहून परतताना वाळूने भरलेल्या ट्रॅक्टरांची एक रांग आमच्या बसच्या पुढे चालली होती. ती वाळू कोठली, हे मला सांगता येणार नाही. सर्वच वाळू चोरीची असते, असेही नाही. पण सातवीतल्या त्याच मुलीने विचारले, "सर, आमच्या घराचा वरचा मजला बांधतात, त्याची वाळू कोठून येते?" मी म्हटले, "बाबांना विचार." पुढल्या आठवड्यात ती म्हणाली, "बाबांना माहीत नव्हते. पण आता ते वाळूवाल्याकडे पावती मागणार आहेत." त्या दिवशी तिला सुसर दिसली नव्हती, तरी आमच्या सबंध सहलीत जर कोणी काही पाहिले असेल, तर ते तिने. जिने काठावरची वाळू पाहिली, तिलाच आपल्या दारातील वाळूचा ढीग वेगळा दिसला. सहल बंद करून हा प्रश्न आपण कोणाच्या तोंडून ऐकणार होतो?

म्हणून माझी सूचना अशी, की सहल चालू ठेवावी. पण तिचे स्वरूप बदलावे. ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात काढावी. मार्चनंतर वाळूकडे पाऊलही टाकू नये. एका वेळी एकाच नावेत मावतील एवढीच मुले न्यावीत, मग त्यासाठी दोनऐवजी चार फेऱ्या वेगवेगळ्या दिवशी कराव्या लागल्या तरी चालेल. आदल्या आठवड्यात मुलांना नदीचा नकाशा, तेथील प्राण्यांची नावे व त्यांच्या सवयी समजावून द्याव्यात; म्हणजे पाहिलेले ओळखता येईल व ओळख पटली म्हणून ओरडावेसे वाटणार नाही. गाणी लावण्याची साधने शाळेतच ठेवावीत. डबे बसजवळ खावेत व उरलेसुरले कागदासकट परत आणावे. नाव कोठे थांबवायची, हे नावाड्याने ठरवावे, शिक्षकाने नव्हे. आणि ज्या शिक्षकाला गप्प बसता येत नाही, त्याला नेऊ नये. हा शेवटचा नियम माझ्यापासून लागू करण्यास माझी हरकत नाही.

अशा सहलीत मौज ती काय उरली, असे विचारणाऱ्या पालकांना मी एवढेच सांगेन, की एकदा हा प्रयोग करून पाहावा. चंबळेत नदीतले डॉल्फिन राहतात. तिकडचे लोक त्यांस सूस म्हणतात. २००९ साली या प्राण्याला राष्ट्रीय जलचर म्हणून मान देण्याचे ठरले. त्याच्या डोळ्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसे दिसत नाही. स्वतः काढलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरून तो मासा शोधतो, वाट शोधतो. आपल्या गलक्यात व यंत्राच्या घरघरीत त्याला काय वाटत असेल, याची कल्पना डोळ्यांवर पट्टी बांधून भर बाजारात उभे राहिल्यास येईल. तो श्वास घेण्यासाठी वर येतो आणि पाठीची एक काळसर कमान दाखवून लगेच खाली जातो. तो कोठे व केव्हा वर येईल, हे कोणीही सांगू शकत नाही. सबंध नावेने श्वास रोखून दहा मिनिटे पाण्याकडे पाहत बसावे, आणि मग एकाएकी हाताच्या अंतरावर तो निःश्वास ऐकू यावा, याहून मोठी मौज मला तरी ठाऊक नाही. मागल्या वर्षी मी घरच्या मंडळींसह गेलो होतो, तेव्हा हे सुख मला लाभले. तेव्हा मी ओरडलो नाही, एवढे नमूद करतो.

'अभयारण्य' हा शब्द आपण रोज वापरतो. त्यातील 'अभय' मात्र विसरतो. जेथे कोणी कोणास भिण्याचे कारण नाही, ते अभयारण्य. सुसरीची भीती वाटते म्हणून मुलांना पाठवू नका, असे म्हणणाऱ्या पालकांना मी सांगेन, की नावेत नीट बसलेल्या मुलाला सुसरीपासून भय नाही. नावाड्याने दिलेले तरंगते जाकीट अंगात घालावे व हात पाण्यात सोडू नयेत, एवढी काळजी पुरे. राहता राहिले सुसरीला आपल्यापासून असलेले भय. ते दूर करणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपण दुसऱ्याच्या घरी जातो, तेव्हा दारात चपला काढतो, यजमान निजला असेल तर हळू बोलतो आणि निघताना 'येतो' म्हणतो. नदीच्या घरी जाताना याहून निराळे काही करावयाचे नाही. पुढच्या डिसेंबरात सूचनाफलकावर चंबळेचे नाव लागेल, अशी मला आशा आहे. त्या वेळी दुसऱ्या नावेतील मुलांना वाळूवर नुसत्या रेघा दिसू नयेत, हे पहिल्या नावेतील प्रत्येकाने आपले कर्तव्य मानावे. आणि शिक्षक ओरडलाच, तर त्याला गप्प करण्याचा अधिकार त्या दिवसापुरता मी तुम्हांस देत आहे.